संमेलनाचं गंजभर डिप

संक्रांत आणि रथसप्तमीच्या मधातल्या एका रविवारी आमच्या महिला मंडळाचं स्नेहसंमेलन असतं. गाणी, नकला, उखाणे, हळदीकुंकू, वाण, सगळं साग्रसंगीत होतं. पण बायका वर्षभर विचारतात ते एवढंच, ‘यंदा डिप करणार नं?’

डिप म्हणजे टोस्ट वगैरे बुडवून खायचं चीजचं गरम, दाटसर मिश्रण. आमच्यातल्या एक वहिनी ते लेकीकडे खाऊन आल्या आणि त्यांनी ते पहिल्यांदा केलं. पालक, मका आणि चीज, बास. आम्ही त्यात तुरीचे सोले, म्हणजे ओले दाणे, घातले. थंडीत घरोघरी सोले असतात, मग ते डिपमध्ये का नकोत? उकडून जरासे ठेचले की चीजच्या खारटपणाला त्यांची गोडी फार छान साथ देते.

पालक आदल्या दिवशी नागपूरच्या गोकुळपेठ बाजारातून येतो. तो निवडायला बसलो की माझ्यासाठी संमेलन सुरू झालं, माईकवरचा कार्यक्रम नंतरचा. उकळत्या पाण्यातून मिनिटभरात काढायचा, गार पाण्यात टाकायचा आणि पंच्यात बांधून दोघींनी दोन बाजूंनी पिळायचा. पाणी राहिलं तर डिपचं सूप होतं. आमच्या काकू पिळलेला गोळा हातात दाबून बघतात, थेंब दिसला की परत पंच्यात.

गंज, म्हणजे पातेलं, जाड बुडाचा हवा. एक लिटर दुधाला 8 मोठे चमचे लोणी, तेवढाच मैदा. मैद्याचा कच्चा वास गेला की दूध थोडं थोडं घालत ढवळत राहायचं. भाज्या, ठेचलेला लसूण, मिरपूड घालून एक वाफ आली की गॅस बंद. मग 400 ग्रॅम किसलेलं चीज. चीज पडल्यावर उकळी आणायची नाही, नाहीतर तूप सुटतं आणि चीज चिवट होतं. साधं प्रोसेस्ड चीज घ्यावं. चीजमधलं तूप आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार त्यात असतात, म्हणून ते एकजीव वितळतं. वरून लोण्यात फुललेली भिवापुरी मिरची.

एकाच भांड्यात सगळ्यांनी बुडवायचं, हे उष्ट्याखरकट्यामुळे पटण्यासारखं नव्हतं. त्यावर पळसाचे द्रोण निघाले. गंज गरम पाण्याच्या परातीत ठेवायचा आणि ज्याचा त्याचा द्रोण भरायचा. सोबत टोस्ट, गाजराच्या काड्या, भाजलेले ज्वारीचे पापड. डिप गार झालं की घट्ट होतं, त्यामुळे ताट घेऊन कोपऱ्यात कुणी जात नाही. अध्यक्षबाई, नव्या सुना, हॉलचे चौकीदारभाऊ, सगळे गंजाभोवती उभे. वर्षभर नुसत्या मान हलवून जाणाऱ्या दोघींना मी तिथेच एकमेकींच्या गुडघेदुखीची चौकशी करताना पाहिलंय.

बुडाची लालसर खरवड मात्र पोरांना मागूनही मिळत नाही. जिने ढवळलं, तिची ती.