रशियाला द्राक्षं गेली, पैसे मात्र नाशिकच्या बँकेत अडकले
दिंडोरीतून माल निघाला, फायटो (मालात कीड-रोग नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र) मिळालं, कंटेनर न्हावाशेवाला गेला, सगळं वेळेत झालं. घोडं अडलं ते बँकेत. पैसे डॉलरमध्ये आलेले आणि क्रेडिट करायच्या आधी बँकेनं एक डिक्लेरेशन भरायला दिलं, त्यात प्रश्न, व्यवहारातल्या देशावर एम्बार्गो आहे का, हो की नाही. मी 'नाही'वर टिक केली. मॅडमनी त्यावर पेन्सिलनं गोल करून कागद परत सरकवला, म्हणाल्या रशियावर बंदी आहे ना, 'हो' करा. आता 'हो' केलं की फाइल मुंबईला कंप्लायन्सकडे, म्हणजे नियम तपासणाऱ्या विभागाकडे जाणार आणि तिथंच पडून राहणार, इकडे शेतकरी रोज फोन करतायत की पेमेंट कधी.

मी हटलो नाही. एम्बार्गो म्हणजे देशाशी व्यापारच बंद, सगळा नाहीतर ठरावीक मालाचा. अमेरिकेचा क्युबावर 1962 पासून आहे तो असा. किंवा यूएनची सुरक्षा परिषद एखाद्या देशाला शस्त्रं विकायला बंदी घालते तो. सँक्शन्समध्ये, म्हणजे निर्बंधांमध्ये एम्बार्गोही येतो, पण बऱ्याचदा ती नुसती यादी असते, अमुक बँक, अमुक कंपनी, अमुक जहाज. रशियावर 2022 नंतर याद्याही आल्या आणि काही मालावर बंद्याही, पण द्राक्षावर बंदी नाही. उलट अमेरिकेच्या ट्रेझरीनं त्याच वर्षी शेतमाल आणि औषधांना सूट दिलीये. आणि यूएन सोडून इतरांचे एकतर्फी निर्बंध भारत मानत नाही, ही सरकारची जाहीर भूमिका आहे.

मग बँक घाबरते कशाला? कारण डॉलर अमेरिकेतल्या बँकेतून फिरून येतो, तिथं अडकला तर यांचीही चौकशी. ही भीती मला पटते, पण मग पैसे पाठवणारी बँक यादीत आहे का ते बघा ना, देशाचं नाव बघून फाइल कशी काय रोखता!

नाशिकमध्ये बंदी म्हटलं की कांदा आठवतो, 8 डिसेंबर 2023 ला लागलेली आणि मे 2024 मध्ये उठलेली. ती आपल्याच सरकारनं आपल्याच मालावर घातलेली निर्यातबंदी, तिचा या रकान्याशी काही संबंध नाही, काउंटरवर कुणी दोन्हीची गल्लत केली तर तिथंच थांबवा.

शेवटी काम झालं ते कागदांनी. खरेदीदार, त्याची बँक आणि जहाज, तिन्ही नावं अमेरिकेच्या यादीत ऑनलाइन शोधून 'सापडलं नाही' असं दाखवणारे प्रिंट जोडले, त्या सूट देणाऱ्या लायसन्सची प्रत जोडली आणि लेखी उत्तर मागितलं. लेखी मागितल्यावर फाइल हलली. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा पहिला फोन शेतकऱ्यांना केला.

हो, जहाजाचा आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे शिपिंग लाइनच्या माल-पावतीवर नसेल तर शिपिंग लाइनकडून आधीच घ्या, नाव बदलतं, नंबर बदलत नाही. इन्व्हॉइसवर ताजी द्राक्षं आणि एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) 0806 10 स्पष्ट लिहा. आणि माल उतरायचं ठिकाण क्रिमियात (रशियानं युक्रेनकडून घेतलेल्या भागात) नाही हे पत्त्यासकट दाखवा, कारण तिथं मात्र अमेरिकेचा खरोखरचा एम्बार्गो आहे.