जहाजं तोडा असं मी का म्हणतो, तुम्ही विचारलंत म्हणून

नेव्हीचं निवृत्त जहाज गुलदार सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात, पाण्याखालचं म्युझियम म्हणून बुडवायचं ठरलं तेव्हापासून वाडीत, लग्नाच्या पंगतीत, जिथे जाईन तिथे एकच, की तू वीस वर्षं जहाजावर काढलीस आणि तूच म्हणतोस जुनी जहाजं तोडून टाका, काहीच वाटत नाही का रे तुला? वाटतं. एकदाच लिहितो, परत विचारू नका.

मी मालवाहू जहाजांवर मोटरमन होतो, म्हणजे इंजिन रूममधला कामगार, नेव्हीत नाही. शेवटचं जहाज आम्हीच अलंगला घातलं, गुजरातेत जुनी जहाजं तोडतात त्या किनाऱ्यावर. तिथे भरतीला पाणी दहाएक मीटर चढतं, आपल्याकडे उधाणाला तीन चढलं तरी आपण बघायला जातो. ती भरती साधून फुल अहेड, पूर्ण वेगात पुढे, किनाऱ्यावर जायचं, म्हणजे जन्मभर ज्याची भीती तेच मुद्दाम करायचं. मी खाली, दिसत काही नाही, नुसता आवाज. धक्का बसलाच नाही, तळाला चिखल घासत गेल्याचा लांबलचक आवाज, मग पायाखालच्या प्लेटी थरथरल्या, रॅकवरचा पाना पडला, आणि तरी वरून इंजिन बंद करायची ऑर्डर, स्टॉप, येईना, कूलिंगच्या पाण्यात चिखल खेचला जाऊन टेम्परेचर चढतंय आणि चीफ इंजिनिअर नुसता गेजकडे बघत उभा. शेवटी स्टॉप आलं. नंतर जनरेटरही बंद केला. त्या जहाजावर एवढी शांतता मी कधी ऐकलीच नव्हती. चीफ म्हणाला, हात धुऊन घ्या, आता पाणी येणार नाही. बस्स.

ओहोटीला शिडीवरून चिखलात उतरलो. मागे वळून पाहिलं नाही असं सगळ्यांना सांगतो, खोटं आहे ते. पाहिलं. शेजारी एक अर्धं कापलेलं जहाज होतं, केबिनी उघड्या, एकीत कॅलेंडर तसंच.

घरी आल्यावर आये म्हणाली, "मगे ता जहाज आता खय असा?" मी जेवायला बसलो.

आणि हो, 2014 ला मुंबईत दारूखान्याच्या भंगार यार्डात विमानवाहू विक्रांत तोडली तेव्हा व्हॉट्सॲपवर सगळ्यात जास्त बोंब मीच मारलेली, म्युझियम करा म्हणून. अरे शहाण्या, 1997 ला निवृत्त झाल्यावर 2012 पर्यंत मुंबईत म्युझियमच होतं ना ते! खाऱ्या पाण्यात लोखंड रोज खाल्लं जातं, रंगाला पैसे कोण देणार? दुसरी विमानवाहू विराट, तिच्या म्युझियमला 2018 ला राज्याच्या मंत्रिमंडळाने 852 कोटींचा प्रकल्प मंजूर केला, तोही निवतीलाच. 2020 ला विराट अलंगला, तोडायला. त्याच वर्षी निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज रत्नागिरीत मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं आणि वर्षानुवर्षं तिथेच गंजत पडलं, लोकांनी सेल्फी काढले.

तोडणं स्वच्छ काम आहे असंही नाही हां. पाइपांवरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवायचं वेष्टण, मी स्वतः हाताने उचकटलंय, त्यात ॲस्बेस्टॉस असतं हे फार नंतर कळलं. गॅस कटर धरणाऱ्या पोरांना तरी कोण सांगतं? मग तेल-वायरी काढून, साफ करून बुडवलेलं बरं, मासे तरी येतील. पण चुलतभाऊ म्हणतो जाळं अडकलं तर भरपाई कोणाकडे मागू, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पोरगा मालवणात स्कुबावाल्यांकडे कामाला आहे. म्हणतो, बाबा, गुलदार बघायला तुम्हाला खाली नेतो. इंजिन रूममध्ये जाता येईल का, एवढंच मी विचारलं. विचारून सांगतो म्हणालाय.