तीसच दात

पोरगा आला तो उजव्या गालावर सूज घेऊन. वय तेवीस, मान आणि खांदे तालमीत घडलेले, कान कुस्तीनं चेपलेले. सरावात जोडीदाराचं डोकं जबड्यावर बसलं होतं. कोल्हापुरात तोंडाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्याला पैलवानांचे जबडे नवे नसतात, त्यामुळे माझ्या डोक्यात आधी फ्रॅक्चरच आलं. सोबत वस्ताद होते.

"मोडलंय का तेवढं बघा, डॉक्टर. पोरगं कायबी बोलत न्हाई. पुढच्या महिन्यात जत्रंचं मैदान हाय."

हनुवटी धरून जबडा हलवून पाहिला. हाड कुठे सरकत नव्हतं, वरखालचे दातही नीट जुळत होते. पण सूज टणक होती. दोन दिवसांपूर्वीच्या मारानं हाड असं फुगत नाही. मग दात मोजले. तीस भरले. वरच्या दोन्ही अक्कलदाढा आलेल्या, डावीकडची खालचीही आलेली. उजवीकडे मात्र पहिल्या दाढेच्या मागे हिरडी सपाट.

"इथल्या दाढा काढल्यास का कुठं?"

"न्हाई साहेब. आल्याच न्हाईत."

अक्कलदाढ उशिरा येते किंवा येतच नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिच्या पुढची दुसरी दाढ बाराव्या-तेराव्या वर्षी यायलाच हवी. दहा वर्षं ती जागा रिकामी होती आणि दुखत नव्हती, म्हणून कुणी तिकडे पाहिलंच नव्हतं.

ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे, स्क्रीनवर आला आणि मी खुर्ची पुढे ओढली. मोडल्याची रेघ नव्हती. हाडाच्या आत, खोलवर, दुसरी दाढ आणि अक्कलदाढ आडव्या पडल्या होत्या. दोघींच्या चावण्याच्या बाजू एकमेकींना टेकलेल्या, एकीची मुळं पुढे हनुवटीकडे तर दुसरीची मागे कानाच्या दिशेनं. भोवती दोघींना मिळून एकच काळी पोकळी. जॉर्ज विंटर यांनी १९२६ साली अडकलेल्या अक्कलदाढांचे त्यांच्या कलाप्रमाणे प्रकार पाडले. पुढे झुकलेली, मागे झुकलेली, उभी, आडवी. रोजचं काम त्यावर भागतं. ही जोडी त्यात बसत नाही. व्हॅन हूफ यांनी १९७३ साली अशा दाढांवर लिहिलं, आणि 'किसिंग मोलर्स', म्हणजे चुंबन घेणाऱ्या दाढा, या नावानं आम्ही त्या ओळखतो. पुस्तकात पाहिल्या होत्या. माझ्या रुग्णात ही पहिली वेळ.

अशा जोड्या एकाच तोंडात अनेक दिसल्या, तर म्युकोपॉलिसॅकरिडोसिस या जन्मजात आजाराची शंका घ्यावी लागते. याची डावी बाजू निकोप होती, सांधे, उंची, नजर सगळं ठीक. ती काळजी तिथेच मिटली.

सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, केला तेव्हा खरी भीती वाटली. दाढांखाली जबड्याच्या कडेला जेमतेम चार मिलिमीटर हाड उरलं होतं. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस दुसऱ्या दाढेच्या मुळांना चिकटून तळाशी दाबली गेली होती. अशा जबड्यावर हा पोरगा रोज लाल मातीत डोकं टेकून लढत होता.

वस्तादांना चित्र दाखवलं, काही लपवलं नाही. ओठ काही महिने, क्वचित कायमचा बधिर राहू शकतो. जबडा टेबलावरच मोडू शकतो. नंतरचा दुसरा-तिसरा आठवडा त्याहून फसवा असतो, कारण दुखणं थांबलेलं असतं, माणूस जोरात चावू लागतो आणि हाड मात्र कच्चंच असतं. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मैदान पुढच्या वर्षीबी हाय."

पूर्ण भूल देऊन, श्वासाची नळी नाकातून घालून ऑपरेशन केलं. या जोडीची अडचण अशी की प्रत्येक दाढेच्या बाहेर पडण्याच्या वाटेत दुसरी उभी. घाईनं वाट करायची तर हाड कोरावं लागतं, आणि इथं कोरायला हाडच नव्हतं. म्हणून दाढा कापायच्या ठरवल्या. वरून हाडाची छोटी खिडकी केली, सलाईनची धार चालू ठेवून अक्कलदाढेचं डोकं तोडलं आणि आधी तेवढंच बाहेर काढलं. त्या रिकाम्या जागेत तिची मुळं पुढे ओढून घेतली. आता दुसऱ्या दाढेला मागे सरकायला जागा झाली. तिची दोन मुळं उभी चिरून वेगळी केली आणि एकेक मूळ नसेपासून दूर, मागच्या बाजूला वळवलं. मूळ हटलं नाही तर डोकं काढून ते तसंच ठेवायचं, हेही ठरलेलं होतं. पण हटलं. तळाशी नस अखंड दिसली, पांढुरकी दोरी असावी तशी. तेव्हा कुठे माझा श्वास मोकळा झाला. पोकळीची पिशवी सोलून तपासणीला पाठवली. साधी सिस्ट निघाली.

सहा आठवडे मऊ खाणं सांगितलं. दूध, तूप, बदामाची थंडाई, पातळ भात. पैलवानाला हे पथ्य जड गेलं नाही. कुस्ती मात्र बंद, आणि ते त्याला फार जड गेलं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मी रोज फोन करत होतो. ओठाचा उजवा कोपरा बधिर होता. कापसाचं टोक फिरवलं की तो मान हलवायचा. पाचव्या आठवड्यात म्हणाला, "मुंग्या येत्यात." मला हेच ऐकायचं होतं.

सहा महिन्यांनी पुन्हा ओपीजी काढला. वस्तादांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि नेमक्या जागेवर बोट ठेवलं.

"हितं भरलं का?"

"भरत आलंय. चांगलं भरलंय."

त्यांनी फिल्म पाकिटात घातली आणि पोराकडे वळले.

"उद्या पहाटे ये."