सोडली की अडकते

त्या सकाळी आधी पिस्टन आले, मागून गाडी. मालकाने पिशवी टेबलावर उपडी केली. दोन पिस्टन, दोन्ही डाव्या सिलेंडरचे, दोन्ही एकाच मोसमात गेलेले. तिसरा गाडीत होता आणि तो जायच्या आत त्याला कार्बोरेटरचं जेटिंग, म्हणजे पेट्रोल जिथून जातं त्या भोकांच्या (जेटच्या) मापाची जुळणी, नीट करून हवं होतं.

गाडी म्हणजे यामाहा बॅन्शी. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: १९८७ साली आलेली, दोन सिलेंडरची, ३४७ सीसीची, पाण्याने थंड होणारी टू-स्ट्रोक क्वाड, म्हणजे चार चाकांची मोटरसायकलच. अमेरिकेत ती २००६ पर्यंत विकली गेली. मूळ गाडीत २६ मिमीचे दोन मिकुनी कार्ब येतात. या गाडीत मूळ म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं. पोर्ट, म्हणजे सिलेंडरच्या भिंतीतल्या वाटा, हाताने घासून मोठे केलेले, प्रत्येक सिलेंडरला वेगळा एक्स्पान्शन चेंबर (फुगीर एक्झॉस्ट पाइप), एअर बॉक्स गायब आणि २८ मिमीच्या दोन केहिन कार्बच्या तोंडावर उघडे फिल्टर.

"त्रास काय आहे?" मी विचारलं.

"खेचताना मस्त जाते. सोडली की अडकते."

मी मान डोलावली, जॉबकार्डवर लिहिलं, 'हाय स्पीडला डावं सिलेंडर सीझ', आणि जेटचा डबा काढला.

उघडे फिल्टर, मोकळा एक्झॉस्ट, म्हणजे हवा जास्त. हवा जास्त म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोलला कमी. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच आत जातं, त्यामुळे पेट्रोल कमी पडलं की थंडावा आणि वंगण दोन्ही एकदमच तुटतात. अशा गाड्या मी इतक्या पाहिल्यात की निदान मालक बोलायच्या आधीच तयार असतं. शिवाय लीन गाडीची एक खोड आहे: मरायच्या आधी ती फार गोड वाजते. पिकअप कडक, आवाज कोरडा, मालक खूश.

पिस्टन जातोय म्हणून मालकाने ऑइलही वाढवलं होतं, ३२:१ (३२ भाग पेट्रोलला एक भाग ऑइल) वरून २०:१ वर. हा गैरसमज मी आजवर कितीजणांचा काढला असेल! जेटच्या भोकातून जातं ते मिश्रण. त्यात ऑइल वाढलं की तेवढी पेट्रोलची जागा जाते. एका लिटर मिश्रणात ३२:१ ला साधारण ९७० मिलि पेट्रोल असतं, २०:१ ला ९५२. म्हणजे ऑइल वाढवून त्याने इंजिन थोडं आणखी लीनच केलं होतं. टाकी रिकामी करून ३२:१ चं ताजं मिश्रण भरलं.

मग नेहमीचा कार्यक्रम. नवे प्लग, गरम इंजिन, लांब सरळ पट्ट्यावर वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल, आणि थ्रॉटलवर अंगठा दाबलेलाच ठेवून किल स्विच आणि क्लच एकदम. असं बंद केलं तरच प्लगवर पूर्ण थ्रॉटलचा रंग टिकतो. रमतगमत परत आणली तर प्लग आयडलची गोष्ट सांगतो. उजव्या प्लगच्या चिनी मातीवर अगदी खोलवर, बुडाशी, छान तपकिरी कडं आलं होतं. डावा खडूसारखा पांढरा, आणि त्यावर भिंगाखाली दिसतील असे चकचकीत कण. ते कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असतात.

दोन्हीकडे १५० नंबरचा मेन जेट होता. डावीकडे १५५ घातला, पट्ट्यावरून फिरवून आणली. बरा. १५८ घातला. आता रंग आला. १६० ला वरच्या टोकाला गाडी गुळण्या करू लागली, टू-स्ट्रोक रिच झाली, म्हणजे पेट्रोल जास्त झालं, की एकाआड एक फायर सोडून फोर-स्ट्रोकसारखी वाजते तशी. परत १५८.

एकाच इंजिनाच्या दोन सिलेंडरना आठ नंबरांचा फरक. ही गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. भोकाचा व्यास पाच टक्क्यांनी वाढला की क्षेत्रफळ दहा टक्क्यांहून जास्त वाढतं. म्हणजे डावं सिलेंडर उजव्यापेक्षा तितकं जास्त पेट्रोल मागत होतं. पण मी स्वतःला समजावलं की पोर्ट हाताने घासलेत, दोन्ही बाजू सारख्या कुठून असणार. हवा कुठून आत येते का तेही सकाळीच बघितलं होतं. आयडलवर मॅनिफोल्डच्या रबरांभोवती कार्ब क्लीनर फवारला, आवाजात फरक पडला नव्हता. मनाचं समाधान झालं होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला माझ्या हिशेबाने गाडी तयार होती. मालक ट्रेलरवर चढवायला बसला, चालू केली, सवयीने दोनदा रेस केली आणि अंगठा सोडला.

आवाज खाली आलाच नाही. तीन-चार सेकंद वरच लटकून राहिला, मग नाइलाजाने उतरल्यासारखा हळूहळू खाली आला.

मी त्याला उतरायला सांगितलं. डाव्या कार्बचा एअर स्क्रू आत घेतला. हा आत घेतला की मिश्रण रिच होतं, आयडल बदलायला हवं. पूर्ण आत गेला तरी ढिम्म. उजव्याचा पाव फेरा फिरवला तर लगेच आवाज बदलला.

तेव्हा मी पिशवीतले पिस्टन पहिल्यांदा नीट हातात घेतले. सकाळी त्यांना फक्त बाजूला सारलं होतं. दोघांचंही डोकं धड होतं. पूर्ण थ्रॉटलला लीन होऊन गेलेल्या पिस्टनच्या डोक्याची कड बहुतेक वेळा उंदराने कुरतडल्यासारखी दिसते, कधी मधोमध भोकही पडतं. इथे तसं काहीच नव्हतं. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आणि दबलेल्या रिंगा, एवढंच.

खेचताना मस्त जाते. सोडली की अडकते. त्याने शब्दशः बरोबर सांगितलं होतं.

मेन जेटचा अंमल साधारण पाऊण थ्रॉटलपासून पुढे. त्याखाली सुई, त्याखाली स्लाईडचा (हवेची वाट उघडझाप करणाऱ्या पडद्याचा) कट, आणि अगदी तळाला पायलट जेट. अंगठा उचलला की स्लाईड बंद होते, मेन जेट खेळातून बाद. इंजिन मात्र अजून जोरात फिरत असतं. वरून वाट बंद म्हणून क्रँककेसमध्ये, पिस्टनखालच्या कप्प्यात, ओढ वाढते, आणि कुठे फट असेल तर ती ओढ फटीतून हवा घेते. त्या हवेत पेट्रोल नाही, ऑइल नाही. आणि ती येते पूर्ण खेचीने तापलेल्या पिस्टनवर. पूर्ण थ्रॉटलला तीच फट प्रचंड प्रवाहापुढे किरकोळ ठरते. आठ नंबर मोठा जेट तिला झाकून टाकतो.

आणि माझी प्लग बघायची पद्धत! दिवसभर मी प्रत्येक फेरीत इंजिन पूर्ण थ्रॉटललाच बंद करत होतो. जिथे पिस्टन जात होता तिथपर्यंत एकदाही गेलोच नव्हतो.

एक्झॉस्ट सोडवला. पोर्टमधून तिसरा पिस्टन दिसला. त्यावरही बारीक उभ्या रेघा सुरू झाल्या होत्या. मग दोन्ही इनटेक आणि दोन्ही एक्झॉस्टला रबरी बुचं मारली आणि हातपंपाने ६ पीएसआय हवा भरली. चांगलं इंजिन एवढा दाब पाच-सहा मिनिटं धरून ठेवतं. इथे काटा अर्ध्या मिनिटात शून्यावर. साबणाचं पाणी घेऊन शोध सुरू केला. मॅनिफोल्ड कोरडे. सिलेंडरचं बूड कोरडं. डावीकडचं कव्हर काढलं, पुलरने मॅग्नेट ओढून काढला, आणि क्रँकच्या ऑइल सीलवर ब्रश फिरवला. खालच्या कडेला बुडबुड्यांची छोटी माळ उभी राहिली.

क्लचच्या बाजूचं सील गेलं असतं तर इंजिनाने गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं असतं, पांढरा धूर सोडला असता आणि कुणालाही कळलं असतं. मॅग्नेटची बाजू कोरडी. तिथलं सील गेलं की नुसती हवा येते, आणि हवेचा ना डाग पडत ना धूर होत. माझा कार्ब क्लीनरही तिथवर पोचणं शक्य नव्हतं. मधे कव्हर आणि मॅग्नेट.

गाडी ठेवून घेतली. सील, पिस्टन, रिंगा बदलल्या, पुन्हा दाब भरून बघितला. या वेळी काटा जागचा हलला नाही. रनिंग-इन झाल्यावर जेटिंग पुन्हा पहिल्यापासून. डावीकडे १५८ वर गाडीने लगेच गुळण्या सुरू केल्या. १५५ ला कमी. शेवटी दोन्हीकडे १५०, म्हणजे ती ज्या जेटवर आली होती तोच, आणि दोन्ही प्लगना एकच रंग. मग लांब खेचून अंगठा सोडला, क्लच न धरता. एकदा, दोनदा, पाच वेळा. थांबून रेस केली तर आवाज दगड टाकल्यासारखा खाली येत होता.

"मग जेट बदललाच नाही?" मालकाने विचारलं.

"बदलला. सहा वेळा."

तो हसला. मी हिशेब करायला बसलो. जेटिंगच्या पहिल्या दिवसाची मजुरी लावायची नाही हे आधीच ठरवलं होतं. जॉबकार्ड पुढे घेतलं तर त्यावर माझ्या अक्षरात होतं, 'हाय स्पीडला डावं सिलेंडर सीझ'. हाय स्पीड हा शब्द त्याच्या तोंडून आलाच नव्हता. ते खोडलं नाही. खाली अवतरण टाकून त्याचं वाक्य लिहिलं आणि बिलाचे आकडे मांडायला घेतले.