पौषातली वाट

31 डिसेंबर 2022 च्या रात्री घरातले सगळे नव्या वर्षाचे बेत सांगत होते. माझी पाळी आली तेव्हा बरीच वर्षे मनात घोळत असलेली गोष्ट मी बोलून टाकली : यंदा निवृत्तिनाथांच्या यात्रेला संगमनेरहून त्र्यंबकेश्वरापर्यंत दिंडीबरोबर पायी जाईन. वाट सुमारे 100 किलोमीटरची आहे, पण चालण्याचे मला भय नव्हते, कारण रोज सकाळी मी 5 किलोमीटर चालते. परक्या ठिकाणी मला झोप लागत नाही, उघड्यावर अंघोळ करणे आजवर कधी जमलेले नाही आणि अनोळखी माणसाने नुसता हात धरला तरी मी अंग चोरते. दिंडीत चार दिवस आणि चार रात्री याच गोष्टींतून जावे लागते, हे मला ठाऊक होते आणि म्हणूनच मला जायचे होते.

अडचण निराळीच निघाली. यात्रेचा मुख्य दिवस, पौष वद्य एकादशी, 18 जानेवारीला होता, म्हणजे दिंडी भोगीला निघणार आणि संक्रांत वाटेत जाणार. लग्नानंतरच्या 22 वर्षांत सुगडे पुजली नाहीत अशी माझी एकही संक्रांत गेली नव्हती. सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत आणि तो अबोला मला रागावण्यापेक्षा जड गेला. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "सुगडं मी पुजेन. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येतं, ते आल्यावर कर." त्याच दुपारी मी दिंडीच्या भिशीचे, म्हणजे वाटेतल्या जेवणखर्चाचे, पैसे भरून आले.

भोगीच्या पहाटे काकडा झाला आणि आम्ही घुलेवाडीच्या बाजूने महामार्गाला लागलो. पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये वीणेकरी आणि मागे आम्ही बायका. दुपारी एका शेतकऱ्याच्या खळ्यावर पंगत बसली. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी, गाजर, पावटा आणि हरभऱ्याच्या सोल्यांची भोगीची भाजी आणि वर लोण्याचा गोळा. घरी सणाच्या दिवशी मी शेवटी जेवते. इथे एका पोरसवदा मुलाने "माउली, अजून घ्या" म्हणत तीनदा वाढले, तेव्हा मला भरून आले.

पुढचे दीड-दोन दिवस आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. नांदूरशिंगोट्याच्या मुक्कामी सतरंजीवर शेजारची बाई रात्रभर घोरत होती आणि थंडी फरशीतून पाठीत शिरत होती. एक गृहस्थ पाण्याच्या टँकरपाशी प्रत्येक वेळी रांग मोडून पुढे घुसत. हरिपाठाला हात जोडून उभ्या असलेल्या दोघी सुनेच्या उखाळ्यापाखाळ्या काढत होत्या आणि त्यांचा मला इतका राग आला की माझेच अभंगातले लक्ष उडाले. संक्रांतीला सिन्नरच्या अलीकडे कोणीतरी हातावर तिळगूळ ठेवला आणि मी तो चालता चालता खाल्ला. त्या क्षणी घरी सुगडी पुजली जात असतील, या विचाराने घास घशात अडकला.

तिसऱ्या दिवशी मोहदरी घाट उतरलो आणि माझी उजवी टाच पेटली. नवे बूट यात्रेसाठीच घेतले होते; जाड मोजा घातल्यावर ते घट्ट होतील, हे दुकानात सुचले नव्हते. शिंदे-पळसे अजून दूर होते. डाव्या हाताच्या शेतात उन्हाळ कांद्याची लागवड चालू होती, रोपे लावणाऱ्या बाया कंबर सरळ करून आम्हाला हात जोडत होत्या आणि मला त्यांच्याकडे पाहून हसणेही होईना. उजवीकडून मालमोटारी अंगावर वारा टाकत जात. नामगजर ऐकू येत होता, पण मी फक्त पावले मोजत होते. दिंडी पुढे गेली. मला सगळ्यांचाच राग आला होता. निवृत्तिनाथांचासुद्धा, हे आज लिहिताना संकोच वाटतो, पण ते खरे आहे.

दुसऱ्या एका दिंडीतल्या सत्तरीच्या मावशी माझ्याशेजारी थांबल्या. नऊवारी नेसलेल्या, पायात साध्या रबरी चपला. "बस ताई," एवढेच म्हणून त्यांनी मला लिंबाखाली बसवले, बुटाची नाडी स्वतः सोडली आणि माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. मी पाय मागे ओढला. त्यांनी तो पुन्हा घेतला. धुळीने आणि घामाने माखलेला तो पाय त्या बाटलीतल्या पाण्याने धूत होत्या आणि मी लाजेने दुसरीकडे पाहत होते. मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून सुई काढली, काडेपेटीच्या जाळावर धरली, तिच्यात काळा दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने बाहेर काढला. दोरा दोन्हीकडे बोटभर ठेवून तोडला. "हा आत राहू दे. पानी दोऱ्यावाटं निघून जातं. कातडी सोलली तर उद्या पाऊल टेकायचं नाही." हळद-तेलाचे बोट फिरवले, आपल्याजवळच्या मऊ फडक्याची पट्टी बांधली आणि माझ्या दोन्ही पावलांवर कपाळ टेकवले.

"मावशी, अहो, तुम्ही मोठ्या आहात!"

"वाटंवर कोन लहान नि कोन मोठं, ताई," असे म्हणून त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले तेव्हा टाचांच्या भेगांत रुतलेली माती डोळ्यांसमोर होती. त्यांचे नाव विचारायचे राहून गेले. बूट सामानाच्या टेम्पोत टाकून पुढचा सारा रस्ता मी चपलांवर चालले.

नाशिकचा मुक्काम झाला, सातपूर आणि महिरावणी मागे पडले. अंजनेरीच्या पुढे ब्रह्मगिरी अगदी समोर आला. या डोंगराच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, घरच्यांची ताटातूट झाली आणि चुकलेला निवृत्ती गहिनीनाथांच्या गुहेत जाऊन पोहोचला, ही कथा मी लहानपणापासून ऐकली आहे. आजवर मला त्यात गुरू भेटल्याचाच भाग आठवत असे. त्या संध्याकाळी, झोंबऱ्या वाऱ्यात, आईबाप दिसेनासे झालेल्या त्या मुलाचे अंधारातले पहिले काही क्षण मनात आले आणि डोळे वाहू लागले. शेजारून चालणाऱ्या बाईने काही न विचारता माझा हात धरला. मी तो पेगलवाडीपर्यंत सोडला नाही.

एकादशीला पहाटे कुशावर्त, मग कित्येक तासांची रांग, आणि समाधीपुढे जेमतेम एक क्षण.

गुरुवारी घरी पोहोचले. देवघरात माझी सुगडी झाकून ठेवलेली होती. ऊस, बोरे आणि हरभऱ्याचे घाटे थोडे सुकले होते. सासूबाईंनी पट्टी पाहिली आणि काही न बोलता गरम पाण्याची परात आणून माझ्यापुढे ठेवली. मी पाय मागे घेतला नाही. पाण्यात टाच भिजल्यावर त्यांनी तो काळा दोरा अलगद ओढून काढला.

"कोणी ओवला?" त्यांनी विचारले, आणि मी सांगायला सुरुवात केली.