चेंडू तर हलतही नाही, मग शिकायचं काय? (तुम्ही विचारलंत म्हणून)

गोल्फ शिकतेय म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. एक पैशांचा, तो शेवटी घेते. दुसरा जरा हसत हसत येतो, त्यातही गल्लीत क्रिकेट खेळलेल्यांकडून जास्त, की अगं चेंडू तर जागेवर गपगार पडलेला असतो, ना बोलर ना स्पिन, त्यात शिकायचं काय?

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, सगळा घोळ तिथेच आहे. बॉल अंगावर आला की विचार करायला वेळच नसतो, हात आपोआप जातो. इथे चेंडू निवांत, तुम्हीही निवांत, आणि तेवढ्यात अंगठा कुठे, खांदा कुठे, गुडघे किती वाकलेत, मागच्या बाकावरचे काका बघतायत का, हे सगळं डोक्यात येऊन जातं आणि क्लब (म्हणजे गोल्फची काठी) चेंडूच्या वरून सुईकन निघून जातो. मारायचा इरादा होता ना, मग तोही फटका मोजतात बरं का!

दुसरं म्हणजे बॉल वर जायला हवा म्हणून आपण खालून उचलायला जातो. इथे उलटं. सेव्हन आयर्न म्हणजे मधल्या अंतराचा क्लब, त्याचं तोंड मुळातच तीसेक अंशांनी मागे कललेलं असतं, उचलायचं काम त्याचं, आपण फक्त क्लब खाली येता येता चेंडूला भिडवायचा, आधी चेंडू आणि मग जमीन. नीट बसला फटका की चेंडू होता त्याच्या पुढचं गवत सोलून निघतं (ह्याला डिव्हट म्हणतात, तो तुकडा उचलून परत जागी बसवायचा, न बसवणाऱ्याकडे कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणारे, कसे बघतात ते एकदा बघाच). गवत चेंडूच्या मागचं निघालं तर समजायचं, गेलो उचलायला. कोचने दहादा सांगून जे कळत नाही ते ही खूण एका फटक्यात सांगते.

आणि जोर! रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बघावं तर प्रत्येक नवशिका ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) घेऊन धडाधड मारत सुटलेला, निम्मे चेंडू उजवीकडे वळून कुंपणाकडे. जोर लावला की क्लबचं तोंड उघडं राहतं, मग चेंडू वळणारच. मला विचाराल तर पहिले काही महिने ड्रायव्हर घरीच ठेवावा. साधा हिशोब बघा, 18 होलच्या पार 72 च्या कोर्सवर (म्हणजे चांगल्या खेळाडूने 72 फटक्यांत संपवावा असा) प्रत्येक ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, दोन पुट (चेंडू होलकडे घरंगळवायचे हलके फटके) धरलेले असतात, म्हणजे 36, म्हणजे अर्धा खेळ जमिनीवरून चेंडू ढकलण्यात. दोन फुटांचा पुट हुकला तरी एक फटका आणि अडीचशे यार्ड मारला तरी एकच. टोकियो ऑलिम्पिकला आपली गोल्फर अदिती अशोक चौथी आली, पदक थोडक्यात गेलं, तेव्हा लांब मारण्यात ती बाकीच्यांच्या बरीच मागे होती, तिथवर नेलं ते पुटिंगने. पण पुटिंगचा सराव करायला कोणालाच नको, कारण त्यात आवाज येत नाही ना.

आता पैसे. खोटं कशाला बोलू, गोल्फ क्लबची मेंबरशिप आपल्या आवाक्यातली नाही, आणि हा खेळ साहेबलोकांचा वाटतो तो काही उगाच नाही. तरी आपला गोल्फर अली शेर कॅडी म्हणून सुरुवात करून 1991 ला इंडियन ओपन जिंकला, हेही खरंच. शिकायला मेंबरशिप लागत नाही. बाहेरच्यांना येऊ देणारी रेंज शोधा, बादलीभर चेंडूंचे पैसे भरा, क्लब बऱ्याच ठिकाणी भाड्याने मिळतात. नियमात 14 क्लब चालतात म्हणून कोणी अख्खा सेट गळ्यात मारायला लागलं तर सरळ नाही म्हणा, एक सेकंडहँड सेव्हन आयर्न आणि एक पटर (पुट मारायचा क्लब) बास झाला. ग्लोव्ह मात्र नवा घ्या, उजव्या हाताने खेळत असाल तर डाव्या हाताचा, दुकानात हमखास गोंधळ होतो.