हेक्टरची घंटी

बाबांच्या उशाशी जी अक्षरांची पाटी आहे, तिची कल्पना मला एका खलनायकावरून सुचली. घरात हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

२०२१च्या ऑगस्टमध्ये बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजत मात्र सगळं होतं. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस, आणि पाणी हवं की पंखा हवा एवढंही सांगता येईना. डाव्या हातानं गादीवर थापट्या मारायचे, आम्ही दहा गोष्टी विचारायचो, शेवटी ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. रात्री त्यांच्याजवळ मी बसायचो. अशाच एका रात्री मला 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेतला हेक्टर सलामांका आठवला. व्हीलचेअरमधला म्हातारा. बोलता येत नाही, एक बोट तेवढं हलतं, आणि त्या बोटाखाली हॉटेलच्या काउंटरवर असते तशी घंटी. नर्स अक्षरांच्या तक्त्यावरून हात फिरवते. बरोबर ओळ आली की हा घंटी वाजवतो, मग त्या ओळीतलं अक्षर आलं की पुन्हा.

सकाळी साडीच्या खोक्याचं झाकण घेतलं आणि मार्करनं ओळी आखल्या. स्वर, क-वर्ग, च-वर्ग असं करत खाली ह-ळ पर्यंत, आणि सगळ्यात शेवटी काना, मात्रा, वेलांट्या, उकार. जोडाक्षरांचं काय करायचं ते काही जमलं नाही. आईनं देवघरातली पितळी घंटा काढून बाबांच्या डाव्या हातात दिली. त्यांचा पहिला शब्द होता 'दाढी'. ढ आल्यावर मला कळलंच होतं, मी पाटी खाली ठेवली, तर बाबा घंटा वाजवतच राहिले. दुसऱ्या वेलांटीवर बोट जाईपर्यंत थांबले नाहीत. आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. मी पाणी गरम करायला ठेवलं.

म्हणून हेक्टरबद्दल मला आपुलकी वाटायची. मालिकेचं बहुतेक कथानक घडतं अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीत. २००८ ते २०१३ अशी ती चालली. त्यात हेक्टर पूर्वी मेक्सिकन कार्टेलचा, म्हणजे अमली पदार्थांच्या तस्कर टोळीचा मोठा माणूस होता एवढं कळतं. कार्टेलचा प्रमुख डॉन एलादिओ याच्या पोहण्याच्या तलावाकाठी त्यानं गस फ्रिंग या धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याच्या साथीदाराला गोळी घातली आणि गसला जमिनीवर दाबून त्या मेलेल्या चेहऱ्याकडे बघायला लावलं, हेही दाखवलंय. पण आपल्या डोळ्यांसमोर राहतो तो वृद्धाश्रमातला लुळा म्हातारा. गस येऊन त्याच्या नातलगांच्या मरणाच्या बातम्या शांतपणे सांगतो, 'माझ्याकडे बघ' म्हणतो, आणि हेक्टर बघत नाही. शेवटी बघतो, ते खुर्चीखालच्या बॉम्बची कळ म्हणून घंटी दाबण्याआधी. २०११ साली तो भाग आला. मी तेव्हा टाळी वाजवली होती, हे खरं सांगतो.

ही जादू मार्क मार्गोलिस यांची. जवळजवळ एकही शब्द न बोलता त्यांना २०१२ मध्ये एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं. ओठांची ती चघळल्यासारखी हालचाल त्यांनी स्वतःच्या सासूबाईंवरून घेतली होती, त्यांनाही पक्षाघात झाला होता. बाबांचा ओठ तसाच हलायचा. २०२३च्या ऑगस्टमध्ये मार्गोलिस गेल्याचं वाचलं तेव्हा ओळखीचं कुणी गेल्यासारखं वाटलं.

मग 'बेटर कॉल सॉल' पाहायला घेतली, 'ब्रेकिंग बॅड'च्या आधीची गोष्ट सांगणारी मालिका. यात हेक्टर धडधाकट आहे, चालतो, बोलतो. आणि कसा बोलतो!

कार्टेलमध्ये तो पहिला नाही, एलादिओच्या हाताखालचा आहे. त्याचा सगळा दुष्टपणा या 'हाताखालचा' असण्यातून येतो असं मला वाटतं. एका प्रसंगात तो एलादिओपुढे नोटांचा नजराणा आणतो. पाठोपाठ गसकडून येतो तो त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा आणि नीट बांधलेला. एलादिओ हसत हसत हेक्टरला टोचून बोलतो. मालकापुढे हेक्टर गिळून गप्प बसतो. पण नंतर गसच्या चिकनच्या हॉटेलात जाऊन चिरूट पेटवतो, गिऱ्हाइकं उठून जाईपर्यंत टेबलांमधून हिंडतो, पगारी पोरापोरींना घाबरवतो आणि गसच्या टेबलावर पाय टाकून बसतो. वरून आलेला अपमान तो खालच्यांवर उतरवतो. ज्यांचा त्या भांडणाशी काही संबंध नाही अशांवर. माइक या माजी पोलिसानं ऐकावं म्हणून त्याच्या लहानग्या नातीवर नजर ठेवायला माणसं पाठवतो, तीही अशीच.

आणि ती घंटी. ती कुठून आली हे त्याचा पुतण्या लालो सांगतो, अगदी लाडानं, घरातला जुना किस्सा सांगावा तसा. एका हॉटेलमालकानं हेक्टरचा मान राखला नाही म्हणून त्याला हाल करून मारलं, हॉटेल जाळलं, आणि काउंटरवरची घंटी आठवण म्हणून ठेवून घेतली. मी मोबाइल उलटा ठेवला. पलीकडे बाबा झोपले होते, घंटा त्यांच्या हाताखाली. लुटीच्या त्या वस्तूवरून मी माझ्या बापाला बोलतं केलं होतं. त्या रात्री मी पुढचा भाग लावला नाही.

पण त्याचं सगळ्यात वाईट रूप मला वाटतं ते गोळीबारात नाही, सोफ्याच्या कारखान्यात आहे. नाचो हा हेक्टरचा माणूस. त्याचे वडील सोफे-गाद्या मढवण्याचा धंदा करतात, सरळमार्गी. हेक्टरला त्यांचं दुकान माल आणायला आडोसा म्हणून हवंय. नाचो वडिलांना वाचवायला हेक्टरच्या छातीदुखीच्या कॅप्सूल बदलतो, हृदयाच्या औषधाऐवजी साधी वेदनाशामक पूड भरतो. त्या बदललेल्या कॅप्सूलचा परिणाम दिसायच्या आधीच हेक्टर दुकानात येतो. इकडे तिकडे बघतो, नोटांची गड्डी काढतो, म्हाताऱ्यापुढे धरतो. म्हातारा घेत नाही. मुलगा डोळ्यांनी विनवतो. म्हातारा घेतो. बाहेर पडताना हेक्टर म्हणतो, या माणसावर माझा भरवसा नाही.

तो भाग मी बघत होतो तेव्हा इअरफोन बिघडला होता. आवाज अगदी बारीक ठेवून मोबाइल दोघांना दिसेल असा उशीला टेकवला होता. बाबांना इंग्रजी वेगात कळत नाही, पण तिथे भाषा लागतच नाही. गड्डी पुढे होते, कष्टानं राठ झालेला हात तसाच राहतो, मग हळूच उघडतो. प्रसंग संपला आणि घंटा वाजली.

मी पाटी धरली. क-वर्ग, दुसरं. काना. ट-वर्ग, पहिलं. खाट.

मला वाटलं पाठ दुखतेय, खाटेची उशाची बाजू वर हवीय. नाही. दोनदा वाजवलं, म्हणजे नाही. मग एकदम उमगलं.

१९८०च्या दशकात बाबा मध्य प्रदेशात मंदसौरजवळच्या एका खेड्यात शिक्षक होते. तिथे अफूचा पट्टा असतो, म्हणजे अफू पिकवायचा परवाना. तो सरकार देतं. तेव्हा रान आरींमध्ये मोजून मिळायचं, बोंडांना चिरे देऊन निघालेला सगळा चीक सरकारलाच जोखून द्यायचा. ठरलेल्या सरासरीपेक्षा कमी भरला तर पट्टा जायचा. बाबांच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांकडे चिराईच्या दिवसांत एक माणूस मोटरसायकलवर आला. चहा प्यायला, गोड बोलला, जाताना खाटेवर नोटांचं पुडकं ठेवलं. "रख लो काका, बाद में देख लेंगे." बस, एवढंच. धमकी नाही, काही नाही. तीन रात्री त्या खाटेवर घरातलं कुणी झोपलं नाही. चौथ्या दिवशी तो शेतकरी पुडकं परत द्यायला निघाला, आणि एकटं जायची छाती होईना म्हणून मास्तरांना सोबत घेऊन गेला. पुढच्या साली त्यानं पट्टाच सोडला. ही गोष्ट बाबांनी मला लहानपणी एकदाच सांगितली होती.

मी म्हटलं, "बाबा, मंदसौरची खाट?"

एकदा वाजली.

शेवटच्या पर्वात, २०२२ मध्ये, नाचो वाळवंटात हेक्टरच्या तोंडावर सांगतो की गोळ्या मी बदलल्या, आणि स्वतःला संपवतो. मग हेक्टरची खुर्ची त्या प्रेतापाशी नेतात, त्याच्या हातात पिस्तूल धरवतात, आणि तो मेलेल्या पोरावर गोळ्या झाडतो. इतकी मेहनत करून तो हात एवढ्यासाठीच उचलला जातो. तो भाग मी बाबांना दाखवला नाही.

खाटेच्या त्या रात्री मात्र त्यांनी पुन्हा घंटा वाजवली. पाटी धरली. घ, मात्रा, त, ल, मात्रा. जोडाक्षर नव्हतं, सरळ शब्द होता. मी मोठ्यानं वाचलं, "घेतले?"

"हो बाबा, घेतले. मुलासाठी घेतले."

बाबांनी घंटा गादीवर ठेवली, डावा हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं. बराच वेळ सोडलं नाही.